जुन्या केबलींचे पालनहार यांस

प्रति,
परमादरणीय कॉम्प्युटर-दुरुस्ती महोदय,
मुक्काम भिवंडी



लग्नांच्या व्हिडिओ-एडिटिंगच्या आमच्या कॉम्प्युटरचा एसएमपीएस बदलायला आपण भर उन्हात आलात आणि चहा निवायच्या आत काम उरकलंत. आपले उपकार कसे फेडावेत?

नव्या एसएमपीएसच्या खोक्यात त्याच्या स्वतःच्या केबली होत्या. त्या पिशवीची गाठसुद्धा सोडायला आपण आधी तयार नव्हतात. जुन्या केबली कॅबिनेटच्या मागून नीट ओवलेल्या आहेत, त्या कशाला उपसायच्या, म्हणालात. 24 पिनांची जुनी केबल नव्यात शिरेना, म्हणून तेवढी नाइलाजाने बदललीत. डिस्कांना वीज देणारी 6 पिनांची साटाची केबल मात्र खट्‌कन बसली. बसली म्हणजे चालली, हे आपलं शास्त्र आम्ही नतमस्तक होऊन ऐकलं.

महोदय, साटाच्या केबलीचं डिस्ककडचं टोक सगळीकडे सारखं असतं. एसएमपीएसकडच्या टोकाला तसा कोणताच नियम नाही. कुठल्या पिनेवर 5 व्होल्ट आणि कुठल्या पिनेवर 12, हे कंपनीगणिक बदलतं, कधी एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांतही. आपण गेल्यावर त्या केबलीला मीटर लावून पाहिला. 5 व्होल्टच्या जागी 12 दाखवत होता. त्या तारेला 5.25 च्या वर जायची मुभा नाही. आपल्यासारखा सढळ हात आमच्या डिस्कांनी कधी पाहिला नव्हता.

तपासणीतही आपण कसूर ठेवली नाहीत. बसवण्याआधी हिरव्या तारेला काळी जोडलीत, पंखा फिरवून दाखवलात आणि पावतीवर ‘टेस्टेड ओके’ लिहिलंत. पंखा खरंच छान फिरतो. मल्टिमीटर आपल्या बॅगेत होता, त्याची झोप मोडली नाहीत.

मग दोन्ही डिस्का गेल्या, जळका वास सुटला आणि आपण ताबडतोब निदान केलंत: “भिवंडीची लाइटच अशी. लूम सुरू झाले की व्होल्टेज नाचतं.” शाब्बास! या गावाच्या लाइटवर काहीही खपतं. 2007 साली इथलं वीजवितरण फ्रँचायझीकडे गेलं, पण बिघाड लाइटच्या माथी मारायची सोय अजून गेलेली नाही. फक्त एक शंका आहे, रागावू नका. कॉम्प्युटर ज्या यूपीएसवर आहे, त्याच यूपीएसवरचा मॉनिटर आणि राउटर शाबूत आहेत. मदरबोर्डही चालतोय. नाचणाऱ्या व्होल्टेजने आपल्या हातच्या जुन्या केबलीवरच्याच डिस्का कशा निवडल्या?

त्या डिस्कांत काल्हेरच्या एका आगरी लग्नाचं चित्रण होतं. धवलारीण मांडवात बसून धवळे, म्हणजे लग्नाची गाणी, म्हणत होती, अख्खी रात्र. हल्ली अशा बायका कमी उरल्यात आणि ही तर थकलेली होती. मधे मधे थांबून दम घ्यायची, मग पुन्हा तोच सूर धरायची. नवरीच्या आईने ते मुद्दाम सगळं घ्यायला सांगितलं होतं. त्या माउलीला फोन करायचा मान आपण माझ्याकडे सोपवलात, हेही उपकारच.

आता आपण म्हणता, दुसऱ्या डिस्कची सर्किटची पाटी आणून लावून बघतो. नको हो महाराज! त्या पाटीवरच्या चिपमध्ये त्याच डिस्कची माहिती असते. नुसती पाटी बदलून डिस्क सहसा उघडत नाही. कदाचित एखादा संरक्षक डायोडच गेला असेल आणि धवळे आत सुखरूप असतील. डेटा काढणाऱ्या माणसाकडे डिस्का न्यायच्या आहेत. आपण फक्त त्याचं बिल भरावं आणि तोवर आमच्या कॅबिनेटला हात लावू नये.

आपला ऋणाईत,
एक एडिटर