ट्रॅव्हिसदादांचा सत्कार

'टॅक्सी ड्रायव्हर' कसा वाटला, हा प्रश्न चार मित्रांत टाकू नये. टाकायचाच असेल तर जेवणं आधी उरकून घ्यावीत. मार्टिन स्कॉर्सेसीचा १९७६ सालचा हा सिनेमा आमच्या कंपूनं परवा एकत्र बसून पाहिला. सिनेमा दोन तासांच्या आत आटोपला. भांडण अजून चालू आहे, आणि त्यात सिनेमा फारसा उरलेला नाही.

बँकेतून व्हीआरएस घेतलेल्या मित्राचं म्हणणं असं की, "साफसफाईला असा एक माणूस प्रत्येक वॉर्डात पाहिजे." रात्रभर न्यूयॉर्कच्या घाणीतून टॅक्सी हाकणारा, झोप उडालेला, मरीन दलातून सुटून आलेला ट्रॅव्हिस बिकल शेवटी गोळीबार करून आयरिस या कोवळ्या पोरीला कुंटणखान्यातून सोडवतो. यात वाईट काय? फिल्म सोसायटीवाल्या मित्राच्या मते त्या गोळीबारातच ट्रॅव्हिस मेला आणि पुढचं सगळं त्याला मरताना पडलेलं स्वप्न. हे त्यानं इतक्या ठासून सांगितलं की पोस्टमार्टेमला स्वतः हजर असावा. त्याच्या भाच्यानं रॉबर्ट डी नीरोचा आरशापुढचा, पिस्तूल रोखलेला फोटो छापलेला टी-शर्ट घातला होता. सिनेमा तो पहिल्यांदाच बघत होता. मध्येच म्हणाला, "मामा, हा तर येडा आहे." टी-शर्ट मात्र बदलला नाही.

ट्रॅव्हिस त्याला आवडलेल्या बेट्सीला अश्लील सिनेमाला घेऊन जातो तेव्हाच, म्हणजे पहिल्या अर्ध्या-पाऊण तासातच, वहिनींनी निकाल दिला होता. "पहिल्यांदा बाहेर नेलं, तेही असल्या सिनेमाला? तिथंच माझ्यासाठी विषय संपला." त्यांचा मुद्दा कुणी खोडू शकलं नाही, म्हणून सगळ्यांनी तो सोयीस्करपणे सोडून दिला.

खरं तर वहिनींनीच मर्मावर बोट ठेवलं होतं. त्या भेटीनंतर ट्रॅव्हिस बेट्सीला सार्वजनिक फोनवरून माफी मागतो, फुलं मिळाली का विचारतो. तो बोलत असतानाच कॅमेरा हळूच बाजूला सरकतो आणि समोरच्या रिकाम्या बोळाकडे बघत राहतो. त्या माणसाची लाज कॅमेऱ्यालाही बघवत नाही. मग खोलीत दिसतात परत आलेली, वाळलेली फुलं. महानगरातल्या एकटेपणावर लोक शोधनिबंध लिहितात, इथं काम एका बोळात झालं आहे. आमच्यापैकी तिघे तेव्हा बिर्याणी कुठल्या चौकापर्यंत आली ते मोबाइलवर बघत होते.

आता बँकवाल्याच्या साफसफाईकडे. त्याच्या या नायकानं पोरीला सोडवायचं मुळात ठरवलंच नव्हतं. त्याच दिवशी तो डोकं भादरून, अंगावर पिस्तुलं लपवून सिनेटर पॅलेंटाइनच्या सभेला गेला होता, त्यांना गोळी घालायला. सुरक्षारक्षकांच्या नजरेत आला आणि पळाला. पार्किंगला एका गल्लीत जागा मिळाली नाही की आपण पुढच्या गल्लीत गाडी लावतो, तसा तो तीच पिस्तुलं घेऊन आयरिसच्या दलालाकडे गेला. सभेत नेम साधला असता तर तोच माणूस देशाचा शत्रू ठरला असता. नेम दुसरीकडे लागला आणि वर्तमानपत्रांनी त्याला शूरवीर केलं. भिंतीवर कात्रणं, पोरीच्या आईबापांचं आभाराचं पत्र, सगळं यथासांग. नशीब न्यूयॉर्कचं, तिथं फ्लेक्सची पद्धत नाही. नाहीतर 'ट्रॅव्हिसदादांचा जाहीर सत्कार' आणि खाली शुभेच्छुकांचे वीस फोटो नक्की होते.

म्हणून हा नायक की माथेफिरू, हा आमचा वाद मला शिळा वाटतो. पडद्यावरच्या शहरानं तो आधीच घातला आहे आणि चुकीचा निकालही देऊन टाकला आहे. आमचा बँकवाला त्या निकालाखाली फक्त सही करत होता. सिनेमातला, दुकान लुटायला आलेला चोर आठवा. ट्रॅव्हिस त्या काळ्या पोराला गोळी घालतो, पिस्तूल बिनपरवाना. दुकानदार म्हणतो तू जा, मी बघतो, आणि मग पडलेल्या पोराला रॉडनं बडवत बसतो. ही ती साफसफाई! पटकथा लिहिणाऱ्या पॉल श्रेडरनं तर आयरिसचा दलालही काळाच लिहिला होता. दंगल होईल या भीतीनं तो गोरा केला आणि हार्वी काइटेलला दिला. ट्रॅव्हिसची घाणीची व्याख्या नेमकी काय होती, ते यावरून कळावं.

आणि ती घाण पुढे गेली कशी? बेचाळिसाव्या रस्त्यावरची ती अश्लील थिएटरं, ते बाजार, आज शोधून सापडत नाहीत. कुणा पिस्तूलवाल्यानं ते हटवले नाहीत. सरकार, बिल्डर आणि डिस्ने यांनी हटवले. तिथलं न्यू ॲमस्टरडॅम थिएटर डिस्नेनं १९९७ मध्ये नव्यानं उघडलं आणि त्याच वर्षी तिथं 'द लायन किंग' लागलं. वस्ती गोळ्यांनी स्वच्छ होत नाही, भाडं वाढवलं की होते. आमच्या मित्राला हा मार्ग पसंत पडायला हवा, त्यानं आयुष्यभर कर्जं मंजूर केली आहेत. पण पसंत पडला नाही. त्याला पिस्तूलच हवं होतं.

तसं ते आणखी एकाला हवं होतं. जॉन हिंकलीनं हा सिनेमा पुन्हापुन्हा पाहिला, आयरिस झालेल्या जोडी फॉस्टरच्या मागे लागला आणि ३० मार्च १९८१ रोजी राष्ट्राध्यक्ष रेगन यांच्यावर गोळ्या झाडल्या. खटल्यात ज्यूरींनाही सिनेमा दाखवला गेला. त्यांनी आरोपीला वेडाच्या कारणावरून निर्दोष ठरवलं. भाच्यानं हे ऐकून टी-शर्टकडे एकदा बघितलं. पुन्हा मोबाइलकडे वळला.

फिल्म सोसायटीवाल्यानं शेवटी 'गमन'चं नाव काढलं. मुझफ्फर अलींचा, १९७८ चा. मुंबईत टॅक्सी चालवणारा फारूख शेख, गावी वाट बघणारी स्मिता पाटील. त्याचं एकटेपण मला जास्त लागतं, कारण त्याला घर आहे आणि तिथं जायला पैसे नाहीत. ट्रॅव्हिस आईबापांना शुभेच्छापत्र पाठवतो, त्यातही पत्ता देत नाही, सरकारी गुप्त काम चालू असल्याची थाप मारतो. हे मी बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात बिर्याणी आली.

पुढच्या वेळी 'रॉकी' लावायचं ठरलं आहे. त्या वर्षी सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर त्यालाच मिळालं होतं. वहिनी म्हणाल्या, निदान त्यात तो ज्या पोरीला फिरवायला नेतो, तिला बर्फावरच्या स्केटिंगला तरी नेतो.