अण्णा आणि चौथं चाक

भोसरीच्या एमआयडीसीत अण्णांचं ट्रॉलीच्या चाकांचं दुकान आहे. तिथे जाऊन ‘चार चाकं द्या’ म्हटलं की चाकं मिळत नाहीत. आधी उलटतपासणी होते.

“गाड्यावर वजन किती?”

“सहाशे किलो.”

“गाड्याचं स्वतःचं धरलंत? का तो हवेत तरंगतो?”

गाडा नव्वद किलोचा निघतो. गिऱ्हाईक मोबाइल काढून सहाशे नव्वदला चारने भागायला जातं, तोच अण्णांचा हात आडवा येतो. “तीनने भागा. जमीन कुठेच सपाट नसते. एक चाक अधांतरी असतंच. कुठल्याही ऑफिसात जाऊन बघा!”

मग जमिनीची चौकशी. एपॉक्सीची असेल तर पीयूचं, म्हणजे पॉलियुरेथेनचं चाक. नायलॉन ढकलायला हलकं, पण गाडा आला की अख्ख्या खात्याला कळतं. रबर मऊ, बिनआवाजाचं. पण तेल सांडत असेल तर फुगून बसतं. बेकरीच्या भट्टीत जाणाऱ्या रॅकला रबर मागणाऱ्याकडे अण्णा नुसतं बघतात. तेवढं पुरतं.

कुणी बाणेदारपणे सांगतं, “चारही फिरती द्या.”

“घ्या की. मग लांबवर सरळ नेऊन दाखवा. जागा अडचणीची असेल तरच चारही फिरती. नाहीतर दोन फिक्स, दोन फिरती.”

एवढ्यावर सुटका नाही. अण्णा एक फिरतं चाक गल्ल्यावर उलटं ठेवतात. वरची प्लेट, तिच्या पोटातल्या छऱ्यांच्या दोन ओळी, मधली किंगपिन, फोर्क, त्यात बसलेला आस, एकेकावर ग्रीसने माखलेलं बोट टेकत जातात. “आता बघा. आस पिनच्या बरोबर खाली आहे का? नाही. मुद्दाम मागे सरकवलाय. म्हणून तर ढकलाल तिकडे चाक आपलं आपण वळतं. बरोबर खाली ठेवलं असतं तर जागीच हटून बसलं असतं.” गिऱ्हाइकाचा टेम्पो बाहेर हॉर्न वाजवत असतो. अण्णा ब्रेककडे वळतात. साधा ब्रेक नुसतं चाक धरतो, टोटल लॉक फोर्कचं फिरणंही थांबवतो, हे ऐकल्याशिवाय बिल होत नाही.

दुकानाबाहेरही हीच तऱ्हा. लग्नात लोक नवरीकडे बघतात, अण्णा जेवणाच्या ट्रॉलीखाली. सुपरमार्केटात वहिनींची खरेदी होऊन बिलही होतं, तोवर अण्णा ट्रॉल्यांच्या रांगेत उकिडवे बसून अडलेल्या चाकांच्या आसाभोवतीचे केस आणि दोरे उपटत असतात. ही सेवा फुकट आहे, हे वॉचमनला पटत नाही.

मध्यंतरी अण्णांचं हर्नियाचं ऑपरेशन निघालं. स्ट्रेचरवरून थिएटरकडे नेताना वॉर्डातले मामा धीर देत होते, “घाबरू नका, काका.” अण्णांचे डोळे मिटलेले, कपाळाला आठी. वहिनींना वाटलं, कळ आली. त्यांनी पदर डोळ्यांना लावला. डॉक्टरही लगबगीने पुढे आले.

“काका, दुखतंय का? नेमकं कुठे होतंय?”

“डावीकडच्या पुढच्या चाकात,” अण्णा म्हणाले. “दोरा गुंतलाय. आधी ते बघा, मी थांबतो.”