बसल्या जागी उत्पन्न

2016 साली जळगावच्या केळीला भौगोलिक मानांकन मिळालं आणि त्याच वर्षी तिकडे अमेरिकेत स्टीमिट नावाचं संकेतस्थळ सुरू झालं. केळीला पाणी, खत, करपा, वादळ. स्टीमिटवर नुसतं लिहायचं; वाचकांची मतं पडली की स्टीम नावाचं डिजिटल नाणं खात्यात! रावेरच्या शेतकऱ्याला हे कुणी सांगितलंच नाही.

फक्त मताचं वजन नाण्यांवर ठरतं. गावच्या विकास सोसायटीत निदान एक सभासद, एक मत असतं. इथे बड्या खातेदाराने बोट लावलं की त्याच्या भरीत-पुरीच्या फोटोला भाव, आणि जीव ओतून अहिराणीत लिहिणाऱ्याला शून्य पूर्णांक काहीतरी. वजन वाढवायला नाणी गुंतवलीत, तर सोडवायला पूर्वी 13 आठवडे लागायचे. (बसल्या जागी म्हणतात ते हेच असावं.) 2018च्या जानेवारीत आठ डॉलरच्या आसपास गेलेलं नाणं पुढे सेंटांवर आलं. 2020मध्ये स्टीमिटचा मालक बदलला, भांडण जुंपलं आणि बरीच मंडळी 'हाइव्ह' नावाची वेगळी चूल मांडून बसली. भाऊबंदकी शेजारच्या धुळ्यालाही नवी नाही म्हणा.

आपल्याकडे एप्रिल 2022पासून अशी नाणी विकून झालेल्या नफ्यावर 30 टक्के कर आहे, तोटा वजा होत नाही. शेतातल्या केळीच्या आणि कापसाच्या उत्पन्नावर प्राप्तिकर नाही.