खट्याळ कॅमेरा

आमच्या गारखेड्यात कॅमेऱ्याचा आवाज कुणाला खटकला, असं कधी ऐकलं नाही. सूतगिरणी चौकात रिक्षा, बुलेट आणि लाउडस्पीकरवाला भंगारवाला यांच्यापुढे बिचाऱ्या शटरची काय बिशाद! विभागीय क्रीडा संकुलातही प्रशिक्षकांची शिट्टी त्याला पुरून उरते. पण हाच गरीब प्राणी तापडिया नाट्यमंदिरात नेला आणि रंगमंचावर नायिकेनं थरथरत्या हातांनी पत्र उघडलं, की याला कंठ फुटतो. खट्-टक्! पुढच्या रांगा माना वळवतात. एखाद्या आजोबांना वाटतं, कुणीतरी सुपारी फोडली.

दोष त्याच्या आतल्या आरशाचा. डीएसएलआरचं बटण दाबलं की आरसा उसळून वर जातो, शटरचे पडदे सरकतात आणि आरसा पुन्हा खाली आदळतो. एका फोटोसाठी एवढी आदळआपट! काही कॅमेऱ्यांत यावर ‘क्वाएट मोड’ असतो. त्यात बटण दाबून धरलं, तर आरसा वरच थांबतो. टाळ्या पडल्या की बोट उचलायचं. ‘बीप’ बंद करणं आणि धडाधड फोटो काढण्याची सोय आवरणं, हे तर पहिलं पथ्य. मैफलीत याहून जुना उपाय म्हणजे समेवर बटण दाबणं. तबल्याची थाप आपला आवाज पोटात घालते. अट एवढीच, की ताल कळायला हवा. नाहीतर कॅमेरा समेच्या दोन मात्रा आधीच दाद देऊन मोकळा होतो.

दादासाहेब फाळक्यांना ही चिंता नव्हती. 1913 च्या ‘राजा हरिश्चंद्र’च्या वेळी कॅमेरा कितीही खडखडला असता, तरी पडद्यावर सगळेच मुके. 1931 मध्ये ‘आलम आरा’ बोलू लागला आणि आपल्याकडेही कॅमेऱ्याला गप्प बसवायची वेळ आली. हॉलिवूडमध्ये तर सुरुवातीला कॅमेरा बंद खोपटात कोंडत, आणि सोबत कॅमेरामनलाही. आवाज यंत्राचा, घाम माणसाचा!

तसं खोपटं घेऊन वेरूळच्या दहाव्या लेण्यात कोण जाऊ देणार? त्या चैत्यगृहाच्या फासळ्यांच्या छताखाली एखादा सूर लावला, तरी तो घुमत राहतो. गाइड हौसेनं गाऊन दाखवतात. तिथे खट् केलं, की अख्खं लेणं त्याची नोंद घेतं.

आता मिररलेस आले. आरसाच गेला, इलेक्ट्रॉनिक शटर लावलं की आवाजही गेला. पण फुकट काही मिळत नाही. बहुतेक सेन्सर चित्र ओळीओळीनं वाचतात, म्हणून बॅडमिंटनच्या स्मॅशमध्ये चांगली सरळ रॅकेट वाकडी दिसते. काही एलईडी दिव्यांखाली गवयाच्या झब्ब्यावर न शिवलेले पट्टे उमटतात. आपली वीज 50 हर्ट्झची, असे दिवे सेकंदाला 100 वेळा लुकलुकतात. शटर 1/100 किंवा 1/50 वर ठेवलं की बहुतेकदा सुटका होते. एवढी साधना करून ऐन आलापीत लेन्स बदलायला बॅगेचा वेल्क्रो उघडायचा. चर्रर्र! माझ्या बॅगेला मात्र कुणी ‘क्वाएट मोड’ दिलेला नाही.

गंमत म्हणजे मोबाइलच्या कॅमेऱ्यात हलणारा आरसा नाही की सरकणारा पडदा नाही, तरी तो साळसूदपणे खट् म्हणतो. जपानमध्ये विकल्या जाणाऱ्या फोनांत तर हा आवाज सहसा बंदच करता येत नाही. चोरून कुणी फोटो काढू नये म्हणून. म्हणजे खरा आवाज घालवायला लाखभर रुपये मोजायचे, आणि खोटा फोनबरोबर फुकट!

आमच्या गल्लीतल्या काकूंचा मात्र फुकटच्यावरच विश्वास. साखरपुड्यात सगळ्यांना ओळीनं उभं करून मी मूक शटरनं फोटो काढला, तरी त्या हसू धरूनच उभ्या.

“काकू, झाला फोटो.”

“कशाचा झाला? आवाज कुठे आला? नीट काढ बाबा, मामंजी दमलेत.”

शेवटी मोबाइल काढून खट् वाजवला.

“हं, आत्ता कसा आला!” म्हणत काकू जेवणाच्या पंगतीकडे वळल्या.