साडूंच्या सीटवरून गुहागर

साडूंनी गाडीच्या सीट पंचेचाळीस हजार रुपये मोजून नव्याने मढवून घेतल्या आणि लगेच गुहागरला जायचं ठरलं. समुद्र, व्याडेश्वर, आंबे ही सगळी निमित्तं. दर्शन घ्यायचं होतं ते सीटचं. पेठेतल्या दुकानदाराने 'नापा लेदर, हाय डेन्सिटी फोम, डायमंड शिलाई' असा मंत्र दिला होता, आणि कात्रजचा बोगदा संपेपर्यंत साडूंचा जप चालू होता.

"कंपनीच्या सीटवर माणूस नुसता बसतो. यात तो रुततो!"

रुततो हे खरं. खेड शिवापूरच्या टोलनाक्यापर्यंत मला समोरचा रस्ता दिसेनासा होऊन नुसतं आभाळ दिसू लागलं. शिवाय कमरेला आधार म्हणून आतून दिलेला उंचवटा कमरेला न लागता चार बोटं खाली, थेट माकडहाडाला भिडत होता. मी तसं म्हटल्यावर साडूंनी निदान केलं, "तुमची उंची जास्त आहे." माझी उंची पाच फूट चार इंच. आमच्या घराण्यात हे वाक्य कुणी कुणाला उद्देशून प्रथमच उच्चारलं.

त्यात मे महिना. बाजारात 'लेदर' म्हणून मिळणारं बरंचसं सामान म्हणजे कापडावर चढवलेला प्लास्टिकचा थर असतो. तो घाम पीत नाही, परत करतो. खंबाटकी ओलांडून सुरूरला चहासाठी उतरलो, तर माझ्या पांढऱ्या लेंग्यावर मागच्या बाजूने तपकिरी शंकरपाळ्यांची नक्षी उमटलेली. सासूबाईंनी बराच वेळ दुसरीकडे बघायचा प्रयत्न केला आणि शेवटी म्हणाल्या, "जावईबापू, डाग आतून धुवा हो."

माकडहाडाच्या काळजीने मी मागच्या सीटवर गेलो. पुढची सीट रिकामी झाली, आणि गाडी बोंबलायला लागली. 1 जुलै 2019 नंतर बनलेल्या गाड्यांत पुढच्या दोघांपैकी कुणी पट्टा लावला नाही तर गाडी टुकटुक करते. शेजारच्या सीटवर कुणी आहे का, हे तिला गादीखालच्या सेन्सरवरून कळतं. आमचं कव्हर इतकं आवळून बसवलं होतं की त्या दाबाने सेन्सरला वाटे, कुणीतरी बसलंय आणि ऐकत नाहीये.

"फोम नवा आहे, बसेल हळूहळू," साडू म्हणाले.

"फोम बसेल हो, पण गाडी म्हणतेय आधीच कुणीतरी बसलंय," मेहुणी म्हणाली.

शेवटी रिकाम्या सीटला पट्टा बांधला. आनेवाडीच्या टोलनाक्यावरचा मुलगा त्या पट्ट्याकडे आणि मग आमच्याकडे पाहत राहिला. सासूबाईंनी लिमलेटच्या गोळ्या वाटल्या तेव्हा सवयीने एक पुढेही केली. वेग ऐंशीच्या वर गेला की गाडीची दुसरी पिपाणी वाजायची, ती मात्र कायद्याने वाजायचीच असते. तिच्याबद्दल दुकानदाराला बोल लावणं बरं नव्हे.

उंब्रजला हायवे सोडला. मल्हारपेठ, पाटण, कोयनानगर सुखाने गेलं. कुंभार्ली घाट उतरायला लागलो आणि मागच्या सीटची शिलाईही उतरायला लागली. गाडी डावीकडे वळली की आम्ही सगळे उजवीकडे, आणि माझ्या मांडीखाली 'टर्र'. उजवीकडे वळली की सासूबाईंकडून 'टर्र'. त्या दर वेळी "मी नाही" म्हणायच्या. चिपळूणला उतरून पाहिलं तर वीतभर उसवलेल्या फटीतून हाय डेन्सिटी फोम बाहेर डोकावत होता. एक तुकडा पांढरा, एक गुलाबी, एक पिवळा, सगळे डिंकासारख्या कशाने तरी चिकटवलेले. पिवळ्या तुकड्याला कुणाच्या तरी जुन्या सोफ्याचं फुलाफुलांचं कापड अजून लगटलेलं होतं. साडूंनी ते दोन बोटांनी आत ढकललं आणि वर नॅपकिन पसरला.

गुहागरबद्दल फार सांगत नाही. किनारा लांबलचक आहे, सुरू दाट आहेत. वाळूत बसल्यावर पाठीला जिथे हवा तिथे आधार मिळाला, तोही फुकट.

खरा घाट पुण्यात परतल्यावर लागला. दुकानदार शांत माणूस होता. "साहेब, वॉरंटी मटेरियलला आहे. मटेरियल फाटलंय का? नाही. शिलाई उसवलीय."

"आणि फोम?"

"फोमला आहे ना. पण बसून दबला असेल तर नाही."

"सीटवर बसायचं नाही?"

"आणि तुम्ही गाडी कोकणात नेलीत. तिकडची हवा दमट."

साडूंच्या हातात बिलाऐवजी 'अंदाजपत्रक' असं छापलेला कागद होता. ग्राहक पंचायतीची चळवळ ज्या शहरात 1974 साली बिंदुमाधव जोशींनी उभी केली, त्या शहरात हा कागद! मेहुणी बँकेत आहे. तिने थंडपणे सांगितलं, की 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बिल न देणं हीच अनुचित व्यापारी प्रथा आहे, आणि परतीची मुदत लिहिलेली नसेल तर सदोष माल तीस दिवसांत परत घ्यायला नकार देणं हीसुद्धा. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला जिल्हा आयोगात फी नाही, वकीलही लागत नाही. दुकानदाराने पहिल्यांदाच खुर्ची पुढे केली. ती साधी प्लास्टिकची होती आणि तिच्यावर छान बसता येत होतं.

कव्हर काढायला घेतली तेव्हा पुढच्या सीटच्या पाठीला, दाराकडच्या बाजूला, 'एअरबॅग' लिहिलेली छोटी पट्टी निघाली. अपघातात इथून पिशवी फुटून बाहेर यावी म्हणून कंपनी तिथली शिलाई मुद्दाम सुटेल अशी ठेवते. चांगली कव्हरं ती कड मोकळी सोडतात किंवा तशाच खास दोऱ्याने शिवतात. आमच्या कारागिराने तिथे जाड नायलॉनची दुहेरी शिलाई मारली होती. अख्ख्या गाडीत न उसवलेली शिलाई तेवढी एकच.

"एअरबॅग तर स्टिअरिंगमध्ये असते ना?" दुकानदाराने विचारलं. तो चेष्टा करत नव्हता.

पैसे मिळाले, फिटिंगची मजुरी कापून. साडू आता सनरूफची चौकशी करताहेत. तुम्ही कव्हर बसवायला गेलात, तर रंग ठरवण्याआधी सीटच्या कडेला ती पट्टी आहे का ते बघा, आणि तिच्यावर टाका घालू देऊ नका.