मुखपृष्ठ सुरेख झालंय

दिवाळी अंक हाती आला की मी संपादकीयाच्या वाटेला जात नाही, राशिभविष्यही नंतर. आधी अनुक्रमणिका. माझं नाव सापडलं की लगेच त्याचं शोधतो. तो पान २१ वर; मी १८२ वर, गोडा मसाल्याच्या जाहिरातीसमोर. झाली दिवाळी!

खांडेकर, कुसुमाग्रज, विंदा, नेमाडे या ज्ञानपीठवाल्यांविषयी माझ्या मनात निर्मळ आदर आहे. त्यांच्यावर जळून मिळणार काय? हेवा करावा तो आपल्याच मापाच्या माणसाचा. ज्याची हजाराची आवृत्ती आपल्याइतकीच रखडत खपते, पण मेला तसं दाखवत नाही.

१९४० साली फडके संमेलनाध्यक्ष, १९४१ला खांडेकर, १९४२ला अत्रे. लोक याला वैभवाचा काळ म्हणतात. मला आपलं वाटतं, पुढच्याचं भाषण मागच्याला किती लांबलेलं वाटलं असेल! हल्ली तर अध्यक्ष निवडणुकीशिवाय ठरतात. मत्सराची तेवढी एक सार्वजनिक सोय होती, तीही गेली.

आता सगळी भिस्त अभिनंदनाच्या फोनवर. हे शास्त्र आहे. ‘पुस्तक आवडलं’ असं चुकूनही म्हणायचं नाही. ‘मुखपृष्ठ सुरेख झालंय’ म्हणायचं. ‘कागद उत्तम वापरलाय.’ ‘प्रकाशकांनी मनावर घेतलेलं दिसतंय.’ ‘वाचायला घेतलंय’ म्हणजे वरचं प्लॅस्टिकही फाडलेलं नाही. आणि ब्रह्मास्त्र: ‘तुमचं पहिलं पुस्तक अजून डोक्यातून जात नाही हो!’ एका वाक्यात पुढची सगळी पुस्तकं गारद. हे मला त्यानंच ऐकवलंय, तेही भर समारंभात, माझ्याच प्लेटमधला बटाटेवडा उचलत.

यंदा मात्र त्याची कथा वाचली. चुका काढायलाच बसलो होतो. तिच्यातला म्हातारा बायकोच्या जुन्या साडीची पिशवी शिवून घेतो, तिची दवाखान्याची फाइल ठेवायला. बस, एवढंच. माझ्या आईची फाइल मी दुकानाच्या फाटक्या कॅरीबॅगमधून नेत असे. रिपोर्ट पावसात भिजायचे. पिशवी मला सुचली नाही. ना तेव्हा, ना लिहिताना. अंक मिटला आणि बराच वेळ कुणाशी बोललो नाही.

रात्री फोन लावला. म्हटलं, “कथा चांगली आहे.”

पलीकडे सामसूम. मग काळजीचा आवाज: “तब्येत बरी आहे ना रे तुझी?”

त्याचा संग्रह येतोय. विकत घ्या, वाचायला मागून नेऊ नका. माझाही त्याच दुकानात मिळतो. अगदी खालच्या फळीवर आहे, जरा वाकावं लागेल.