जोड लावणारे आप्पा

जामनेरच्या तालमीतले आप्पा नवा माणूस भेटला की आधी त्याची मान बघतात, मग कान. नाव सगळ्यात शेवटी. कान मोडलेला दिसला तर नावाआधी चहा सांगतात.

लढत शिकवायची त्यांची रीत पोरांना मुळीच पसंत नाही. पोरगं मोबाइलवर धोबीपछाड बघून येतं आणि आल्या आल्या कुणाला आपटू म्हणून भिरभिरतं. आप्पा त्याला खडाखडीला जुंपतात. मनगट धर, मान दाब, पाय हलता ठेव. डाव मारायचा नाही. असे कित्येक दिवस गेले की पाय धरून पट काढायची परवानगी मिळते, तीही समोरच्याने नुसता बचाव करायचा या अटीवर. मग पाळी उलटी. थोरल्या गड्याची जोड मुद्दाम धाकट्याशी लावतात, आणि थोरल्याने त्याला चीत केलं तर शंभर बैठका थोरल्यालाच. "तुले येतं हे माहीत आहे रे भो, त्याले येऊ दे!" परवा नव्वद किलोचा एक गडी सातवीतल्या पोराखाली इतका मन लावून पडला, की आप्पाच ओरडले, "अरे, इतकाही नको पडू, त्याले खरं वाटीन!"

यामागे हिशेब आहे. मॅटवर तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या. पडायची भीती ज्याची तालमीत मोडली नाही, तो ती सहा मिनिटं नुसती पाठ सांभाळत फिरतो आणि गुण समोरच्याला वाटत सुटतो.

२०१४ ते २०१६ सलग तीनदा महाराष्ट्र केसरी झालेला विजय चौधरी आपल्याच जिल्ह्याचा, हे आप्पा मोठ्याने सांगतात. तालुका चाळीसगाव, हे जरा हळू. २०२५ मध्ये जामनेरात नमो कुस्ती महाकुंभ भरला, परदेशी मल्ल आले. लोक कुस्त्या बघत होते. आप्पा मात्र याच्यापुढे आपला कोण उभा करावा, या विवंचनेत जेवायचे विसरले.

ही खोड मांडवातही सुटत नाही. मागे एका लग्नात अक्षता पडल्या, बायका म्हणाल्या, जोडा कसा शोभून दिसतो. आप्पांनी नवरदेवाला पायापासून मानेपर्यंत न्याहाळलं.

"शोभतो. पण गडी फार ताठ उभा राहतो. पट निघीन त्याचा."